धाकटीचा फेस

धाकटीचं लग्नही झालं नव्हतं तेव्हापासून मोठी जाऊ या दवाखान्यात नर्स होती. इथं पायांच्या फुगलेल्या शिरांवर इंजेक्शनं देत, आणि त्यांचा फेस करायची मोठी. एका सिरिंजमध्ये औषध, दुसरीत त्याच्या चौपट हवा, मध्ये दोन्हींना जोडणारी तोटी. दट्टे आलटूनपालटून ढकलले की पातळ औषधाचा दाढीच्या साबणासारखा फेस होतो. शिरेत शिरला की तो रक्त बाजूला सारतो, शीर मिटते. पण जरा रेंगाळलात की त्याचं परत पाणी. इथं हात लागतो, आणि असा हात आपलाच, हे मोठीच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

मग दिरानं धाकटीला बायको करून आणली, तीही नर्सच. घरी जो तो धाकटीचं नाव घ्यायला लागला, तेही मोठीनं गिळलं. पण डॉक्टरांनी तिला याच दवाखान्यात घेतलं आणि मोठीच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेचना.

एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "फेसाच्या टेबलावर एकच जण हवी. दुसरीनं पेशंटच्या पायांत मोजे चढवायचे. दोघी करून दाखवा. जिचा फेस जास्त टिकेल तिचं टेबल."

मोजे! शिरा दाबून धरणारे ते घट्ट मोजे चढवताना नखं मोडतात, वर पेशंटच्या लाथा.

"ताई, सिरिंजा कुठल्या घेऊ?" धाकटीनं विचारलं.

दट्टा सुळकन सरकावा म्हणून काही सिरिंजांना आतून तेलाचा हात दिलेला असतो. तेल लागलं की फेस मेला. मोठीला हे ठाऊक होतं. धाकटीला नव्हतं, आधीच्या हॉस्पिटलात तिला सगळं निवडून हातात मिळायचं. मोठीनं गोड हसत तेलकट सिरिंजांचं खोकं पुढं सरकवलं.

"ह्या घे गं. मऊ चालतात."

दोघींच्या सिरिंजा शेजारी शेजारी उभ्या केल्या. बघता बघता धाकटीच्या सिरिंजेत तळाशी पाणी साचलं.

"ठरलं तर. मोठ्या सिस्टर, हाक मारली की ताजा करून आणा," म्हणत डॉक्टर पेशंटच्या खोलीत गेले.

धाकटीचे डोळे भरले. मोठीला कसं गार गार वाटलं.

"रडतेस काय? मोजे चढवायलाही अक्कल लागते."

"ताई, एकदा तुमच्या सिरिंजांत करून बघू?"

"बघ की. हौस फिटेल तुझी." जिंकल्याच्या तोऱ्यात मोठीला कशाचंच भान नव्हतं.

दोघी दट्टे ढकलायला लागल्या, मोठी आपली हाताकडं न बघता, कसेबसे. आतून हाक आली, "फेस!" मोठीनं आपली सिरिंज उजेडाला धरली. बुडबुडे चांगले डोळ्यांना दिसत होते. असला फेस डॉक्टर तिच्या अंगावर फेकतील. शेजारी धाकटीच्या हातात नुसती साय. एक बुडबुडा दिसेल तर शपथ.

"सिस्टर, झालं का?"

मोठीनं धाकटीच्या हातातली सिरिंज ओढली आणि आत गेली.

डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत फेस सोडला. "वा! असा फेस तुम्ही आजवर केला नव्हता. शीर बघा कशी भरतेय. इतकी वर्षं हा हात कुठं लपवला होता?"

मोठीच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं! कौतुक चाललंय त्या बयेचं, ते मी इथं उभी राहून ऐकायचं आणि वर हसून मान डोलवायची?

"माझा नाही तो," ती फाडकन बोलली. "धाकटीचा आहे. मघाशी मीच तिला तेलकट सिरिंजा दिल्या होत्या."

डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढली. टेबलावरच्या बाई अर्धवट उठल्या. "अगं बाई, माझ्या पायात गेलाय तो तरी बरा आहे ना?"

"झकास आहे," मोठी खेकसली. "तेच तर दुखणं आहे!"

"पडून राहा हो," डॉक्टर बाईंना म्हणाले. मग मोठीकडे न बघता, "तिला आत पाठवा. आणि मोज्यांचं बघा."

मोठीनं दार ढकललं. धाकटी अजून टेबलापाशीच उभी होती.

"जा, आत बोलावलंय तुला," मोठी म्हणाली. "आणि हसलीस ना, तर बघ."

धाकटी हसली नाही. मोठीला त्याचाही राग आला.