मेन्ना कुठल्या पानावर?

त्या कादंबरीवरून अख्ख्या खोऱ्यात मानापमान सुरू होते. लेखिकेने गावाचं नाव बदललं होतं, पण डोंगर, चॅपल आणि बंद पडलेली कोळशाची खाण जिथल्या तिथे होती, त्यामुळे फसलं कोणीच नाही. खाटीक ग्विन तर त्यातला कंजूष दुकानदार आपणच, असं गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगे. पुस्तकात टिंगल झालेल्यांचाही तोरा असा, की ज्यांना त्यात जागाच मिळाली नाही ते बिचारे तोंड लपवून हिंडत.

इडवल प्यू मात्र घुश्शात होता. या म्हाताऱ्याने आयुष्यभर खोऱ्यातली बस चालवली होती. लेखिका एक उन्हाळाभर त्याच्याच घरी पेइंग गेस्ट म्हणून राहिली होती. त्याच्या बायकोच्या, मेन्नाच्या हातचा मटणाचा रस्सा तिने ओरपला, स्वयंपाकघरात तासन्‌तास बसून चहा ढोसला. पुस्तक आलं तेव्हा मेन्ना जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्यासारखी बाई शोधत इडवलने पानं चाळली, ती काही सापडली नाही, तसं पुस्तक मिटून त्याने कपाटात टाकलं.

ग्रंथालयात मंगळवारी दुपारी मोठ्या माणसांचा वर्ग भरे. विषय होता आजची ब्रिटिश कादंबरी, त्यातली माणसं आणि त्यांचं गाव. शिकवायला कार्डिफहून मिस प्रॉबर्ट यायच्या, वयाने इडवलच्या नातीएवढ्या. यंदा त्यांनी हेच पुस्तक लावलंय कळल्यावर इडवलने नाव घातलं, ते शिकायला नव्हे, भांडायला. एक पात्र निवडा आणि ते याच गावचं का वाटतं हे लिहून आणा, असं बाईंनी सांगताच तो उठून उभा राहिला.

"बाई, माझी बायको यात नाही. ज्यात मेन्ना नाही, ते आमच्या गावचं पुस्तक कसलं?"

"लेका, आधी वाच तरी," ग्विन मागून म्हणाला. "नुसतं चाळून आलाय भांडायला."

बाई हसल्या नाहीत. "तेच लिहा, मिस्टर प्यू. पण पहिल्या पानापासून वाचा, आणि त्या कुठे असायला हव्या होत्या ते आम्हाला दाखवा."

इडवल हट्टाने वाचायला बसला. लग्नाच्या प्रसंगात केक कापायला ती हवी होती. चॅपलच्या सहलीत सगळ्यांच्या आधी बसमध्ये चढून बसायला हवी होती. मग बर्फाचा प्रसंग आला. घाटात रिकामी बस अडकलीय, आणि घाबरलेला ड्रायव्हर एकेका रिकाम्या सीटपाशी जाऊन रोजच्या प्रवाशांशी बोलतोय. एकीला तिच्या गुडघ्यांचं विचारतोय, एकाला सीटवरचे पाय खाली घ्यायला दटावतोय.

इडवलचे कान तापले. हा वेडेपणा त्याने खरंच केला होता. त्या दिवशी बसमध्ये चिटपाखरू नव्हतं, आणि घरी येऊन त्याने सांगितलं ते फक्त मेन्नाला, तेही कुणापाशी बोलायचं नाही अशी शपथ घालून. म्हणजे मेन्नाने शपथ मोडली होती, आणि मोडायला तिला पुस्तक लिहिणारीच बरी सापडली.

रागारागाने तो परत पहिल्या पानाकडे वळला. आता ग्विनचा कंजूषपणा, ऑर्गन वाजवणाऱ्याचं चोरटं प्रेम, सगळं त्याला ओळखीचं वाटू लागलं. आधी माणसाची यथेच्छ टिंगल करायची आणि शेवटी त्याचीच बाजू घ्यायची, ही तऱ्हा मेन्नाची होती. रोज रात्रीच्या जेवणाला ती असंच सगळं गाव त्याच्यापुढे वाढायची. वाचता वाचता त्याला अक्षरं दिसेनाशी झाली.

पुढच्या मंगळवारी त्याचा कागद जेमतेम दोन ओळींचा होता. त्याने तो उभं राहून वाचला.

"मेन्ना या पुस्तकात कुठेच दिसत नाही. सगळं तीच सांगतेय, मग दिसणार कशी?"

मग त्याने बर्फातल्या बसची हकिगतही सांगून टाकली. ग्विनसुद्धा हसला नाही. बाईंनी हळूच विचारलं, की मिसेस प्यूंनी तुमचं गुपित असं फोडलं, याचा राग नाही आला?

"आला ना," इडवल म्हणाला. "काल जेवताना चांगलं खडसावलं तिला. ती गेल्यापासून आमचं हे पहिलंच भांडण. फार बरं वाटलं, बाई."