रस्ता बघायला आलेले पाहुणे

‘रस्ता कुठनं जाणार ते दाखवा आधी,’ लंकाबाई म्हणाली. ‘पोहं कुठं पळून चालल्यात व्हय!’

आईनं पुढं केलेली बशी तशीच तिच्या हातात राहिली. ओट्यावर सतरंजी टाकली होती. तिच्या कडेला कुशाबा अवघडून बसले होते, मुलीचे वडील. लंकाबाई त्यांची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या; आई गेल्यावर पोरांना तिनंच वाढवलेलं. मुलगी रत्ना लोणीला घरीच होती. आमच्याकडं आता असंच असतं. पूर्वी मुलाकडचे जाऊन पोरीला चालायला लावायचे, केस सोडून बघायचे. आता पोरीकडचे येतात आणि गोठा, विहीर, संडास सगळं उघडून बघतात. लंकाबाईनं गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा ठोकून बघितली होती. ज्याला बघायला आले तो माझा चुलता, गोरखनाना, दाराला टेकून उभा होता. चालून दाखव म्हणायचंच तेवढं बाकी होतं.

‘चला की मग!’ तात्या उठला. तात्या म्हणजे माझा बाप रामनाथ, नानाचा थोरला भाऊ. ‘आज नेमकं मोजणीवालं आल्यात वावरात. त्यांच्याच तोंडून ऐका, पावणं. उगं आमी फेकतोय असं नको.’

नाना आळेफाट्यावर टायरच्या दुकानात कामाला आहे. ट्रकची चाकं खोलायची, पंक्चर काढायचं, आणि उरलेल्या वेळात शेती. पोरींच्या बापांना यातलं एकही चालत नाही. शेतकरी नको. दुसऱ्याच्या दुकानात कामाला असलेला नको. पुण्यात खोली आहे का? नाही. मग नको. असं करता करता नाना अडतिशीला आला, मग वयही नको झालं. मध्यस्थांचे फोन बंद झाले.

मग बायपासचा नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. फाट्यावर गाड्या तुंबतात म्हणून आळ्याला बाहेरून वळसा घालून नवा रस्ता काढायचा होता, आणि त्याची लाल रेघ आमच्या मळ्यातून गेली होती. आठवड्यात मध्यस्थाचा फोन. नाना तोच, केस अजून थोडे पांढरे, पण आता तो ‘रोडटच’ झाला होता.

आमच्या भागात रस्ता म्हटलं की लोकांना कडेचं दुकानच दिसतं. जुना हायवे ज्याच्या बांधाला लागला तो शेठ झाला, हे सगळ्यांनी बघितलंय. तात्यानंही मध्यस्थाला धडाधड सांगून टाकलं. रस्त्याच्या कडेला गोरखचं स्वतःचं टायरचं दुकान, शेजारी चहा, पुढं जमलं तर हॉटेल. नाना यातलं काही बोलला नव्हता. पण एकदा मी त्याला वावरात पावलं टाकून जागा मापताना बघितलं होतं.

रत्नाचा नंबर लंकाबाईनंच पाठवला होता, ‘बोलून घ्या’ म्हणून. तेव्हापासून जेवण झालं की नाना विहिरीवर जायचा. आमच्याकडं रेंज फक्त तिथं येते. घरात तोंड न उघडणारा माणूस तिथं हसायचा. एकदा मी मोटार बंद करायला गेले, तर तो तिला सांगत होता, उन्हाळ्यात ट्रकचं टायर फुटतं कसं. आणि ती ऐकत होती! टायरचं! मी तेव्हाच म्हटलं, हे जमणार.

आम्ही सगळे बांधावरून निघालो. शेजारच्या गेणूच्या वावरात आंब्याची कलमं भाताच्या रोपासारखी दाटीनं उभी होती. रस्त्यात झाड गेलं की त्याचे वेगळे पैसे मिळतात, म्हणून नकाशा आल्यावर त्यानं टोमॅटो उपटून ती लावली होती.

‘हे काय, रोपं इकायचा धंदा हाय का ह्यांचा?’ लंकाबाईनं विचारलं.

‘आमराई हाय, आमराई!’ गेणू लांबूनच ओरडला.

‘माकडाला तरी बसायला जागा ठिवायची व्हती!’

तात्या मोठ्यानं हसला. नानाही हसला. तेवढ्यापुरतं सगळं छान चाललं होतं.

मोजणीवाल्यांनी तीन पायांच्या स्टँडवर मशीन लावलं होतं. वर छत्री होती. छत्री मशीनला, आणि मशीनवाला उन्हात. सोमनाथ त्याचं नाव, तिशीचा असेल. त्याची माणसं लाल रंग दिलेले लाकडी खुंट ठोकत पुढं गेली होती. एक खुंट बरोबर नानानं मापलेल्या जागेत होता.

‘साहेब, रस्ता हितनंच ना?’ लंकाबाईनं विचारलं.

‘हो मावशी.’

‘मग दुकान कुठं येईल?’

‘कसलं दुकान?’

‘टायरचं हो,’ तात्या म्हणाला. ‘रस्त्याच्या कडंला. ह्यो माझा भाऊ, कारागीर हाय फाट्यावर.’

सोमनाथनं मशीनवरचा डोळा काढला. आधी तात्याकडं बघितलं, मग नानाकडं. त्याला कळलं असावं, की ही माणसं नुसती बघायला आलेली नाहीत. तो हळू बोलायला लागला.

‘कडेला नाही येणार काका. खाली ओढा आहे ना, म्हणून इथं भराव आहे. मातीचा उंच बांध समजा, त्याच्यावरून रस्ता.’

‘उंच म्हंजे किती?’ तात्यानं विचारलं.

त्यानं आमच्या लाईटच्या खांबाकडं हात केला. ‘त्याच्या तारांच्या जरा खाली. दोन्हीकडं कठडा. गाडी इथं थांबतच नाही. बायपास कशासाठी असतो मग?’

मग नानानं तोंड उघडलं. पाहुणे आल्यापासून पहिल्यांदाच.

‘वर चढायचं कुठनं?’

‘फाट्याच्या पलीकडून. नाहीतर एकदम बेल्ह्याच्या बाजूला.’

‘आन् आमचं पल्याडचं वावर?’

‘ओढ्यापाशी बोगदा ठेवलाय. बैलगाडी जाईल त्यातून.’

‘आमच्याकडं बैल न्हाईत,’ तात्या म्हणाला. उगाच. काहीतरी बोलायचं म्हणून.

माझं डोकं फिरलं. ‘मग गावात मीटिंग झाली तवा का न्हाई सांगितलं? तवा काय तोंड शिवलं व्हतं का? लोकं हितं लग्नं ठरवाय लागली तुमच्या रस्त्यावर!’

‘आरते!’ आई म्हणाली.

‘सांगायलाच उभा होतो मी,’ सोमनाथ म्हणाला. ‘उंची किती, उतरायचं कुठं, एकानंही विचारलं नाही. सगळ्यांचं एकच, भाव काय देणार. मी भाववाला नाही, मोजणीवाला आहे.’ तो बाटलीतलं गरम पाणी प्यायला. ‘काल एका आजीनं माझे खुंट उपटून चुलीत घातले. परवा एकानं कुत्रं सोडलं. तुम्हीपण ओरडून घ्या ताई.’

उन्हानं त्याचे ओठ फुटले होते. मला अजून ओरडायचं होतं, पण ओरडता येईना.

‘मोबदला तर येईलच की,’ तात्या लंकाबाईला म्हणाला.

‘मोबदला आला, भावांत वाटला, संपला. आमाला सांगितलं रस्ता लागून हाय. रस्ता तर डोक्यावरनं चाललाय तुमच्या!’

ती पदर सावरून माघारी वळली. नाना खांबाच्या तारांकडं बघत उभा होता, जणू वरून गाड्या चालल्यात आत्ताच.

घरी आलो तर पोह्यांवर माशा बसत होत्या. आई गरम करते म्हणाली, पण कुशाबांनी ‘असू द्या, असू द्या’ म्हणत तसेच खायला घेतले. बिचारे चावत राहिले. मला वाटलं, आता पाणी पितील आणि ‘कळवतो’ म्हणून उठतील. सगळे तेच म्हणतात. कळवत कुणीच नाही.

लंकाबाई उठली नाही. ती माझ्याकडं बघत होती. टाकीकडं बघत होती तशीच.

‘रामनाथभाऊ, एक मार्ग हाय,’ ती म्हणाली. ‘साटंलोटं करू. आमची रत्ना तुमच्या गोरखला, आन् तुमची ही आरती आमच्या नवनाथला. रत्नाचा भाऊ. एकाच मांडवात दोन्ही उरकू. मग रस्ता खालनं जाऊ दे न्हाईतर वरनं.’

आईनं हातातला पेला खाली ठेवला. ‘एकोणीस वर्षांची हाय हो ती.’

‘मग? माझं सोळाव्या वर्षी झालं.’

‘तुमच्या नवनाथला तोंड न्हाई का?’ मी म्हणाले. ‘तो का न्हाई आला? मी काय पाना-पक्कड हाय का, ह्या घरची त्या घरी नेऊन ठिवायला?’

‘आरते, गप,’ तात्या म्हणाला.

मला म्हणाला. लंकाबाईला नाही.

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं, याचा विचार चाललाय. वाईट माणूस नाही तो. फक्त भाऊ रोज विहिरीवरून हसत येतो, हे त्यानंही बघितलं होतं. आणि दहावीला गणितात दोनदा राहून घरी बसलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला उलट बोलणारी पोरगीही तो रोज बघत होता. एका दगडात दोघांचं होत होतं. तो सतरंजीचा दोरा ओढत राहिला. मग खालीच बघत त्यानं विचारलं,

‘नवनाथ काय करतो म्हणायचा?’

‘तात्या, ते इचारू नको,’ नाना दारातून म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. पण सगळे वळले.

‘रत्नाला ठाव हाय का ह्ये?’ त्यानं कुशाबांना विचारलं.

कुशाबांनी बशी खाली ठेवली.

‘तिला रस्त्याचं मी कधीच सांगितलं न्हाई,’ नाना म्हणाला. ‘दुकानाचंबी न्हाई. तरी ती बोलत व्हती माझ्याशी. तिला यायचं का, तेवढं तिला इचारा. आरतीचं नाव ह्यात घिऊ नका.’

‘मग रत्नाचंबी घिऊ नका!’ लंकाबाई उसळली. पण पुढचं बोलताना तिचा आवाज खाली आला. ‘अहो, तुमच्या घरात एक बिनलग्नाचा हाय, आमच्याबी घरात एक हाय. तेहतीस वर्षांचा घोडा. कोंबड्यांच्या शेडवर राबतो, रात्रंदिस. त्याला कोण देतंय? रत्ना गेली की आमच्या हातात काय ऱ्हायलं? तिच्या बदल्यात एक सून घरात आली तर आली. न्हाईतर मी मेल्यावर त्याला भाकरी कोण घालायचं?’

मला ती बाई सकाळपासून आवडली नव्हती, आणि आता तर तिचं खरं होतं, म्हणून अजूनच राग आला.

‘तुमचं बरोबर हाय,’ नाना म्हणाला. ‘पर मग ऱ्हाऊ द्या.’

‘गोरख,’ तात्या म्हणाला, ‘इचार कर. ह्या दारात परत कोण यायचं न्हाई.’

‘म्हाईत हाय मला.’

एवढंच. त्यानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर मी रडले असते, आणि लंकाबाईच्या समोर मला रडायचं नव्हतं.

ते दोघं उठले. आईनं लंकाबाईला कुंकू लावलं, रीत म्हणून. कुशाबांची जुनी ओमनी बाहेर लिंबाखाली उभी होती. आणि मागचं एक चाक पार बसलं होतं. बाभळीचा काटा घुसला असणार.

‘झालं!’ लंकाबाई कपाळाला हात लावून म्हणाली. ‘आता हे एक ऱ्हायलं व्हतं.’

कुशाबा चाकापाशी वाकले, काय करावं ते न कळून. तोवर नाना गोठ्यातून जॅक घेऊन आलाही होता.

‘भावजी, शर्ट तरी काढा,’ आई म्हणाली. ‘आजच घडी मोडलीय.’

त्यानं ऐकलं नाही. तो मातीत गुडघे टेकून बसला, जॅक लावला, पान्यावर पाय देऊन नट सैल केले. अशा वेळी तो कुणी वेगळाच दिसतो. हात न बघता चालतात. नट निघाले तसे त्यानं वर न बघता शेजारी उभ्या माणसापुढं केले, ‘धरा जरा,’ म्हणून. शेजारी लंकाबाई होती. तिनं गुपचूप ओंजळ पुढं केली. नट काळे, तेलकट. ती तसेच धरून उभी राहिली, नाना मागेल तसा एकेक देत.

स्टेपनी चढली. बसलेलं चाक नानानं गाडीत मागं टाकलं. कुशाबांनी आईच्या हातातला तांब्या घेतला आणि स्वतः त्याच्या हातावर पाणी घालायला लागले. नाना हात चोळत होता. तांब्यातलं पाणी संपत आलं.

‘पोरीला काय सांगू?’ कुशाबांनी हळूच विचारलं.

नानानं गाडीच्या मागच्या चाकाकडं बघितलं.

‘स्टेपनी लई घासलीय,’ तो म्हणाला. ‘पळवू नका. फाट्यावर आमच्या दुकानात थांबा, माझं नाव सांगा. पंक्चर काढून देतील, मग पुढं जा. लोणी लांब हाय.’

कुशाबांनी मान हलवली. परत विचारलं नाही.

गाडी वळली, धूळ उडवत बांधाच्या कडेनं गेली. तात्या आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. आई बश्या गोळा करायला लागली. नाना रस्त्यातच उभा होता, ओले हात अंगापासून लांब धरून, नव्या शर्टाला लागू नयेत म्हणून. गाडीचा आवाज पार ऐकू येईनासा झाला, तरी तसाच.

मग त्यानं एकदा शर्टाकडं बघितलं, आणि दोन्ही हात त्यालाच पुसले.