आता अंग सैल सोड

विश्वास देवरेला एका महिन्यात एकच गोष्ट शिकायची होती: सहा वर्षांच्या लेकीच्या पोटाला इन्शुलिनची सुई टोचायची आणि शुद्धीवर राहायचं. दुसरा भाग अवघड होता.

जुईलीला मधुमेह असल्याचं कळलं, तेव्हा हॉस्पिटलातल्या नर्सने आईबापांना इंजेक्शनचं पेन कसं वापरायचं ते दाखवलं. पद्मजा नीट बघत होती. विश्वासला सुईचं टोक दिसलं, कानात कसलासा आवाज घुमू लागला, अंगाला घाम फुटला, आणि आखातातल्या रिफायनरीच्या धडधडत्या पंपांमधून शीळ घालत फिरणारा नाशिकचा हा सहा फुटी इंजिनियर पलंगाच्या कडेवर कपाळ आपटून खाली आला. नर्स पोरीला सोडून त्याच्याकडे धावली. जुईली शर्ट वर धरून तशीच बसून राहिली.

तेव्हापासून दिवसातून चार वेळा सुई पद्मजाच टोचायची. त्या वेळी विश्वास बाल्कनीत जाऊन अबू हलीफाचा समुद्र असा बघत राही, की जणू तिकडून त्याचं जहाजच यायचं होतं. पण आता नाशिकला पद्मजाच्या वडिलांच्या बायपासची तारीख ठरली. ती एकुलती एक, तिला जाणं भागच होतं. जुईलीचा डोस अजून बसला नव्हता, एवढ्यात पोरीला प्रवास नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वरच्या मजल्यावरची अर्चना नर्स होती खरी, पण तिच्या ड्युट्या फिरत्या, आणि रोज चार वेळा कोणाचं दार वाजवणार?

"मनाचे खेळ आहेत रे सगळे," पद्मजा म्हणाली. तिथल्या मराठी मंडळाचा योगवर्ग तीच घ्यायची, त्यामुळे उपाय तयारच होता. "डोळे मिट. खोल श्वास घे. अंग सैल सोड."

त्याने सोडलं. मग तिने पेन समोर धरलं, आणि विश्वास इतका सैल सुटला की थेट गालिच्यावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या आईने फोनवर तेच सांगितलं, ऑफिसातल्या सुधीरनेही तेच. अरे, सैल सोड. तो मनापासून सैल सोडत होता आणि दरवेळी जरा जास्तच लवकर पडत होता. रात्री झोप लागेना. विमानाची तारीख जवळ येत होती आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती.

एका संध्याकाळी जुईली शेजारच्या माहीनबरोबर खेळत होती. विश्वास दुधाचे पेले घेऊन दाराशी आला आणि थबकला.

"माय बाबा इज अलर्जिक टू मी," जुईली मैत्रिणीला सांगत होती. रडत नव्हती, तक्रारही नव्हती, आपलं माहिती दिल्यासारखं. "दॅट्स व्हाय ही फॉल्स."

पेले तसेच ओट्यावर ठेवून विश्वास बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिला. ते वाक्य त्याला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो शहरातल्या जाब्रिया भागातल्या एका क्लिनिकमध्ये गेला. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर बिल्कीस मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि घरची माणसं काय म्हणतात?"

"सैल सोड म्हणतात. सगळेच."

"तिथंच तर घोटाळा झालाय, साहेब," बिल्कीस हसल्या. "लिफ्टची, कुत्र्याची भीती वाटली की माणसाचं बीपी चढतं. त्याला सैल सोड म्हटलं तर चालतं. तुमची तऱ्हा वेगळी. रक्त नाहीतर सुई बघितली की तुमचं बीपी आधी चढतं आणि मग धाडकन उतरतं. ते उतरत असताना तुम्ही वर आणखी सैल सोडता. मग डोक्याला रक्त पोचायचं कसं?"

विश्वासला हे ताबडतोब उमगलं. पाइपलाइनचं प्रेशर पडत असताना कोणी शहाणा माणूस व्हॉल्व्ह उघडत नाही.

"मग करू काय?"

"आवळा. मांड्या, पोट, मूठ. चेहरा गरम होईपर्यंत. मग जरा ढिलं करा, पण पूर्ण नको. परत आवळा."

"म्हणजे भीती जाईल?"

"पडणं थांबेल. भीतीसमोर मात्र पायरी पायरीनं उभं राहायला लागेल. पळालात की ती आणखी मोठी होते."

मग सुरू झालं. आधी सुईचं नुसतं चित्र. मग बंद पेन हातात. मग संत्र्यात सुई. संत्र्याला टोचताना तो पांढराफटक पडला, पद्मजा धावत येऊन "सैल..." म्हणाली आणि जीभ चावून गप्प बसली. शेवटी क्लिनिकमध्ये त्याने स्वतःच्या पोटात नुसत्या सलाइनची सुई टोचली. बिल्कीसनी शाबासकी दिली. पण स्वतःचं पोट वेगळं आणि लेकीचं वेगळं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पद्मजा दुपारच्या विमानाने गेली. संध्याकाळी कुकर झाला आणि जेवणाआधीची सुई समोर आली. विश्वास मुद्दाम जमिनीवर, सोफ्याला पाठ टेकून बसला. जुईलीने शर्ट वर धरला, हॉस्पिटलात धरला होता तसाच. त्याआधी तिने गुपचूप एक उशी आणून त्याच्या डोक्याच्या अंदाजाने बाजूला ठेवली होती.

"बाबा, आय कॅन कॉल अर्चना आँटी."

"नको. तू पोट सैल सोड. आवळायचं काम माझं."

त्याने डोस लावला, पुन्हा तपासला, टोपण काढलं. टोक चमकलं आणि कानात तोच जुना आवाज सुरू झाला. समोरची भिंत लांब सरकायला लागली. आता पडलो तर घरात ही एकटी. त्याने मांड्या आवळल्या, पोट आवळलं, डावी मूठ आवळली. चेहरा तापला. आवाज गेला नाही, पण जरा मागे हटला. तेवढ्यात त्याने सुई टोचली.

"मोज," तो दातांतून म्हणाला. बटण दाबल्यावर दहापर्यंत सुई आत ठेवायची असते. जुईली मोजू लागली. ती पोटाकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती. फोरला त्याला अंधारी आली. त्याने पुन्हा आवळलं. सेव्हनला दिवा परत दिसला. टेन.

सुई बाहेर आली. जुईली थोडा वेळ वाट बघत बसली.

"यू डिडन्ट फॉल."

"नाही पडलो."

"सो यू आर नॉट अलर्जिक टू मी?"

"नाही गं. कधीच नव्हतो. मला सुईची भीती वाटते. अजून वाटते."

तिने उशी उचलून सोफ्यावर टाकली. मग तिला त्याची डावी मूठ दिसली. ती अजून तशीच आवळलेली होती, पाय ताठ होते. ती जवळ सरकली आणि त्याचं एकेक बोट उलगडू लागली.

"बाबा," ती म्हणाली, या वेळी मराठीत, थेट आईच्या योगवर्गातल्या सुरात, "आता अंग सैल सोड."

विश्वासने सोडलं. तो पडला नाही, रडला मात्र भरपूर. मग डोळे पुसत उठला, कारण सुईनंतर पोरीला वेळेवर वाढायचं होतं.