महाराजांनी उपटलेली गाठ

गोदामाच्या दारात सकाळपासून रांग होती. आत जाजमावर माणसं पालथी पडलेली, त्यात माझी धाकटी जाऊ. गाठीवाले महाराज एकेकाच्या कमरेला तोंड लावायचे, जोरात चोखायचे आणि लाल, ओला गोळा थाळीत थुंकायचे. "पापाची गाठ. निघाली एकदाची." लोक हात जोडायचे. मला जांभया येत होत्या. आमच्या अशा खेपा आता अंगवळणी पडल्या होत्या.

जाऊ शिवणकारखान्यात मशीनवर बसते. म्हणजे बसायची. दोन वर्षं ओटीपोटात कळा, बसायच्या जागी आग, लघवीला सारखी घाई. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल. एका डॉक्टरने मन रमवायला सांगितलं. इतकं झाल्यावर माणूस महाराजांकडे जाणार नाही तर काय करणार?

गंमत म्हणजे इथे तिला खरंच बरं वाटायचं. परतताना बसमध्ये टेकली की पुन्हा कळ. महाराज म्हणायचे, श्रद्धा कमी पडते. ती मला म्हणाली, "ताई, मी असं काय पाप केलं असेल हो?"

तिला ओढतच मज्जातंतूंच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं, कधी दुखतं आणि कधी थांबतं. मग एमआरआय काढायला लावला. माकडहाडाच्या वर, नसांच्या मुळाशी पाण्याने भरलेल्या पिशव्या होत्या. बऱ्याच जणांना असतात आणि त्रास देत नाहीत, हिच्या मात्र नसा दाबत होत्या. बसलं, उभं राहिलं की पाण्याचा दाब वाढतो. आडवं झालं की उतरतो.

"घरी पालथी पडून बघ," बाई म्हणाल्या. "महाराजांशिवाय."

तिने पाहिलं. गोदामात वाटायचं तेवढंच बरं वाटलं.

मग ती स्वतःहून गोदामात गेली. मी मागोमाग. जाजमावर न झोपता स्टूल ओढून बसली. महाराज जवळ आले तशी म्हणाली, "मला बसवूनच गाठ काढा. जमेल ना?"

महाराजांनी नुसतं हातानेच जाजम दाखवलं. गाल तेवढा फुगलेला.

"बोला की."

ते बोलायला गेले आणि लाल रंगात भिजवलेला कापसाचा गोळा दाढीवरून खाली पडला. कोणी हसलं नाही. अर्धी रांग पांगली, अर्धी तशीच उभी राहिली. मला त्याचं नवल वाटलं नाही.

जाऊ अजून बरी नाही. उपचार लांबणार आहेत, कदाचित ऑपरेशनही लागेल. पण त्या दिवशी निघताना ती जाजमावरच्या एका बाईपाशी वाकली. "पापबिप काही नसतं, बाई. उठून बसा. दुखलं तर कधी दुखतं ते नीट बघा आणि डॉक्टरला तेच सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा."

बाई उठून बसली.