लाल पेशींची रांग

"अरे पांढऱ्या पेशींनो, जंतूले खरंच नका ना बदडू!" उज्ज्वला मॅडम ओरडल्या आणि स्वतःच हसत सुटल्या.

वडनेरच्या त्या शाळेच्या अंगणात आज रक्त नुसतं सळसळत होतं. मधोमध रांगोळीने काढलेलं चार खोल्यांचं हृदय, फाटकापाशी फुप्फुसं, हापशीपाशी पाय. लाल पेशी झालेली मुलं प्राणवायू म्हणून एकेक टमाटर उचलत आणि हृदयातून धावत पायांना पोचवत. टमाटर पोरांच्या घरच्याच वाडीतली, तेव्हा हात आखडायचा प्रश्नच नव्हता. रक्तपट्टिका झालेल्या मुली भिंतीच्या खिंडारात हातात हात घालून उभ्या होत्या. जखम बंद!

सहावीतली सपना मात्र नेहमीसारखी ओट्यावर बसली होती. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे हे शाळेत फक्त मॅडमना ठाऊक होतं. ती कुणाला सांगू देत नसे, आणि पोरं तिला बिनदिक्कत कामचोर म्हणत. मॅडमनी तिला बसल्याबसल्या टाळ्या वाजवून हृदयाचे ठोके द्यायला सांगितलं होतं. आपल्या या युक्तीवर त्या भलत्याच खूश होत्या.

"मले ठोके नाई व्हाचं, मॅडम. मले लाल पेशी व्हाचं हाय."

"अवं, पाय दुखतीन ना तुहे!"

"हळू चालीन."

मॅडमना नाही म्हणवेना.

सपनाने टमाटर घेतलं. हापशीच्या अलीकडे भिंतीलगत एक अरुंद बोळ होती. तिथे ती मुद्दाम आडवी उभी राहिली. मागे सगळी रांग तुंबली.

"सरक ना वं! काऊन थांबली?" तिच्या मागचाच पीयूष खेकसला. "माह्या टमाटरचा रस होऊन राह्यला!"

"थांबली नाई, अडकली." सपना म्हणाली. "माह्या आंगातल्या लाल पेशी वाकड्या हायेत, विळ्यावानी. बारक्या नळीत अशाच अडकते. मंग पाय लय दुखते. मी कामचोर नाई."

मॅडमचे डोळे भरून आले.

"म्हंजे आमच्या वावरातल्या ठिबकवानी!" पीयूष एकदम उसळला. "नळी चोक झाली का शेवटची रोपं सुकते! तुले पानी पाह्यजे का मंग?"

"बरोब्बर!" मॅडम जवळजवळ किंचाळल्याच. "तिनं पाणी भरपूर प्यायचं असते!"

कुणीतरी हापशी मारली. सपना ओंजळीने पोटभर पाणी प्यायली, पायांना टमाटर दिलं आणि हृदयाकडे परत निघाली. आता सगळं अंगण मोकळं होतं. तरी रांगेतलं कुणीच तिच्या पुढे गेलं नाही.