रतन तांडेलांनी माझं शिसं काढलं तेव्हा

मी शर्यतीची नौका बोलतेय. हो, रिमोटवरची. आणि नाही, मला इंजिन नाही! हे आधीच सांगून टाकते, कारण या घरात पाऊल ठेवणारा प्रत्येक जण मला उचलतो, उलटी करतो आणि खाली पंखा शोधतो. अहो, मी वाऱ्यावर चालते. रिमोटने फक्त सुकाणू वळतं आणि शिडाची दोरी सैल-घट्ट होते. बस्स!

माणगावच्या बँकेत नोकरी करणाऱ्या हेमांगीने मला निवडायला तीन महिने घालवले. ही मोठी, ती स्वस्त, तिसरीचा रंग छान. शेवटी कुणा शहाण्याने तिला सांगितलं, "जवळच्या तळ्यावर लोक कुठल्या मापाची चालवतात ते विचार आणि तीच घे. एकट्याची शर्यत होत नाही." तिच्या समुद्रकाठच्या गावामागच्या तळ्यावर दर रविवारी तिघे जण माझ्याच मापाच्या नौका घेऊन येतात. म्हणून मी आले.

आले ती तिच्या वडिलांसाठी. रतन तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान; चाळीस वर्षं मासेमारीची होडी त्यांच्या हुकुमावर चालली. गुडघे गेले, एकदा होडीतच पडले, आणि मुलाने, मितेशने, सुकाणू काढून घेतलं. "बाबा, आता घरी बसा." तेव्हापासून आठ महिने म्हातारा पाण्याकडे फिरकला नव्हता. त्यांनी पुन्हा पाण्यावर यावं, एवढंच हेमांगीला हवं होतं. मला परत पाठवायची मुदत होती सात दिवस.

"हिला इंजिन न्हाय? फसवलान गो तुला!" तांडेल म्हणाले, आणि चार दिवस माझ्या डोलकाठीला त्यांनी आपला चष्मा अडकवला. चष्मा!

पाचव्या दिवशी मला उलटी केली. माझ्या पोटाखाली लांब पातं आहे, त्याच्या टोकाला शिशाचा गोळा. त्याच्याच जोरावर मी उभी राहते. "हे शेपूट कशाला? वाळूत रुतेल की." इथल्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्यांचा तळ उथळच लागतो, आणि वजन हवं तर पोटात दगड. आता चाळीस वर्षं होडी हाकलेल्या तांडेलाला कोण शिकवणार? सोडला नट, काढलं पातं, उघडलं झाकण, भरले खडे! शेजारच्या बायजाबाईंनी तर ते शिसं जाळ्याला लावायला मागितलं. मी कपाळाला हात लावला असता, पण हात कुठेय?

रविवारी मात्र तांडेल स्वतः मला घेऊन तळ्यावर आले. त्यांना आपली करामत दाखवायची होती. पाण्यात सोडली, वाऱ्याची एक झुळूक आली, आणि मी सपशेल आडवी. शिडं चिखलात. तिघांपैकी एक जण हसून म्हणाला, "काका, राहू द्या, पोरीच्या हातात द्या."

तांडेलांचा चेहरा पडला. हेमांगीने गुडघाभर पाण्यात शिरून मला आणलं. मला वाटलं, संपलं, आता खोका. तांडेलांनी मला उलटी करून पात्याच्या रिकाम्या खाचेवर बोट फिरवलं.

"हेमांगी, ते शिसं आण. चूक माझी."

हे शब्द तिने बापाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. धावत घरी जाऊन ती पातं घेऊन आली. तांडेलांनी खडे ओतून टाकले, पातं बसवलं, नट आवळला.

मग त्यांनी वारा मानेवर घेतला, रिमोटकडे न बघता दोरी सैल केली, आणि मी अशी सुटले म्हणून सांगू! चौघांत तिसरे आलो. घरी जाताना वाटभर तांडेल स्वतःशी भांडत होते, वळण कुठे चुकलं म्हणून. त्या भांडणाने मला फार बरं वाटलं.

सोमवारी, शेवटच्या दिवशी, हेमांगीने खोका पुढे ठेवला. "बाबा, ठेवायची की पाठवायची?" तांडेल उठले, होडीचा उरलेला हिरवा तेलरंग आणला आणि जाड्या कुंचल्याने काहीतरी खरडत माझी पांढरीशुभ्र कूस बरबटवली! अहो, चार ग्रॅम वजनाने मागे पडते मी! नौका घ्यायला निघणाऱ्यांनो, हात नसले तरी जोडून सांगते, आधी घरातले रंगाचे डबे लपवा. हा असला माल आता कुठलं दुकान परत घेणार?

हेमांगीने वाकून ती ओघळलेली अक्षरं वाचली. "तांडेल: रतन. बाबा, हे काय?"

"मग? बिनतांडेलाची होडी असते काय?"