शनिवारचं पाणी

बावीस फुटांची खूण काठाखाली गेली, तरी टेपच्या टोकाचा पितळी गोळा पाण्याला टेकला नाही. यूसरानं आणखी टेप सोडली. पंचवीस. अठ्ठावीस. एकतीसला खालून डुबकन आवाज आला.

तिनं पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. विहीर आपला हट्ट सोडायला तयार नव्हती.

खरं तर ती मोजायला आलीच नव्हती. उद्या अकराला वाशीमच्या कॉलेजात तिच्या पीएचडीची तोंडी परीक्षा होती. तिथं दाखवायला तांड्याच्या या विहिरीचा एक चांगला फोटो हवा, म्हणून तिनं गुरुवारीच मालेगावहून बस धरली. एरवी ती शनिवारी यायची. तीन वर्षं, दर शनिवारी सकाळी दहाला, हीच टेप घेऊन. गोळा तिच्या अब्बूंनी घडवलेला, त्यांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानातल्या भंगारातून. तांड्यातल्या बायकांनी वरच्या नाल्यावर दगडी बांध घातले, तेव्हापासून रोजचा उपसा असूनही ऐन फाल्गुनात पाणी बावीस फुटांखाली जात नाही, असं तिनं प्रबंधात लिहिलं होतं. सगळा डोलारा त्या एका वाक्यावर उभा होता. आणि बाजूला तांड्याची मोटर घुरघुरत टाकी भरत होती.

"आज कायले मोजून राह्यली वं?" चंदाबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभी होती. बांध घालणाऱ्या बायकांची ती म्होरकी. "आज तं गुरुवार हाये."

"चंदाबाई, पाणी एकतीसवर गेलं. काय झालं विहिरीले?"

"काई नाही झालं. रोज एवढंच राह्यते." चंदाबाईनं भारा खाली टाकला. "शनिवारी वर येते. शुक्रवारी दुपारी आमी मोटर बंद करतो ना."

यूसरानं मोटरकडे पाहिलं. शनिवारी मोटर बंद दिसायची हे खरं. लाईट नसेल, असं तिनं पहिल्याच महिन्यात धरून टाकलं होतं आणि नंतर कधी विचारलंही नव्हतं.

"काहून बंद करता?"

"तू येतं म्हणून. पाव्हणा येनार म्हनलं का आंगन सारवतो का नाही? तुयं शिक्षन हाये त्याच्यावर. पानी कमी दिसलं अन् तुले नापास केलं तं?"

"अन् शुक्रवारचं पाणी?"

"खालच्या नाल्याच्या विहिरीवरून आनतो, डोक्यावर. हेमलाबुढी बी आनते." तिच्या आवाजात अभिमान होता. "तीन वर्सांत एक शनिवार चुकला नाही."

यूसराला रडू आलं, रागही आला, आणि राग नक्की कोणावर काढावा ते कळेना. दीडशे शनिवार तिनं मोजले होते. दीडशे शनिवार या बायकांनी घागरी वाहिल्या होत्या, तिचा आकडा चांगला यावा म्हणून.

पर्समधला फोन वाजला. तिचे मार्गदर्शक सर. तिनं तो वाजू दिला. गुरुवारी इथं मोजायला कोण येणार आहे? परीक्षक तर नाहीच. फोटो काढायचा, बस धरायची, उद्या बावीस म्हणायचं. चंदाबाई कोणाला सांगायला जाणार नव्हती. उलट तिनं तर त्यासाठीच सगळं केलं होतं. फोन थांबला.

"बावीस ते एकतीस," ती स्वतःशीच पुटपुटली. "नऊ फूट."

"हो, एका रातीत तेवढंच येते," चंदाबाई म्हणाली. "बांध नोयते तवा आराम देऊन बी दोन फूट चढत नोयतं. लग्नकार्य असलं का असीच मोटर बंद ठेवत होतो आमी, पानी साचावं म्हनून."

यूसरानं मान वर केली. "तुमाले कसं माईत?"

"पायऱ्यांवरून. कोनती पायरी बुडाली ते सकाळी दिसतेच ना."

"मले कदी सांगतलं काहून नाही?"

"तू कदी इचारलं? तू शनिवारचं पानी इचारलं. आमी शनिवारचं दाखवलं."

यूसरा काठावर बसली. एका रात्रीत दोन फूट चढणारं पाणी आता नऊ फूट चढत होतं, बांधांचा खरा पुरावा तोच होता. विहिरीच्या आत दगडी पायऱ्या उतरत गेल्या होत्या. तीन वर्षं ती त्यांच्यावरून टेप सोडत आली होती. पण बांधांआधी पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढायचं, ते कोणीच कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. ते बायकांच्या डोळ्यांत होतं, आणि डोळ्यांतलं परीक्षकांपुढं ठेवता येत नाही.

फोन पुन्हा वाजला. या वेळी तिनं उचलला.

"सर, माझं मोजमाप चुकलंय."

"चुकलं म्हणजे किती?"

"सगळंच."

"मग उद्या काय दाखवणार आहेस?"

"उद्या नाही, सर. मला आणखी एक वर्ष लागेल." ती पुढं म्हणाली, "बांध नसलेली एक विहीरही शोधावी लागेल. तुलना करून बघायला."

फोन ठेवल्यावर तिला एकदम अब्बू आठवले. उद्यासाठी त्यांनी दुकान बंद ठेवायचं ठरवलं होतं, नवा शर्ट शिवून घेतला होता. उद्या परीक्षा होणार नाही, हे आता त्यांना सांगायचं होतं.

चंदाबाईचा चेहरा उतरला होता. "आमच्यानं तुयं नुसकान झालं का, पोरी?"

"नाही. मी इचारलंच नाही."

चंदाबाई तिच्या शेजारी टेकली. मोटर चालूच होती. तिनं भीतभीत विचारलं, "मंग आता शुक्रवारी मोटर चालू ठेवू का बंद?"

यूसरानं वहीचं कोरं पान उघडलं. उत्तर तिच्या तोंडाशी आलं होतं, नेहमीसारखं. ते तिनं गिळलं.

"तुमीच सांगा."

चंदाबाई वाकून पायऱ्यांकडे बघत राहिली.

"बंदच करू," ती म्हणाली. "पन आंदी मोजू. मंग बंद करू."